चरित्र अभिनेत्याचं काम: एका दिवसाच्या भूमिकेची तयारी

नायक पन्नास दिवस सेटवर असतो. चरित्र अभिनेता विसाव्या दिवशी येतो, दोन सीन करतो आणि संध्याकाळी मोकळा होतो. तोवर बाकीच्यांची एकमेकांशी नीट घडी बसलेली असते, आणि याला मात्र पहिल्याच शॉटमध्ये त्या घरातला जुना माणूस वाटायचं असतं. तालमीला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून या कामातली बरीचशी मेहनत सेटवर पोचण्याआधी करावी लागते.

पहिली मागणी पानांची करा. बऱ्याचदा फक्त तुमचेच सीन हातात पडतात. पूर्ण पटकथा मिळाली तर उत्तम, नाहीतर निदान आधीचा आणि नंतरचा सीन मागून घ्या. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. सकाळी सीन ४१ आणि दुपारी सीन १२ हे रोजचंच आहे. वहीत प्रत्येक सीनपुढे लिहून ठेवा: पात्र कुठून आलंय, त्याला आत्तापर्यंत काय ठाऊक आहे, अंगावर काय आहे, हातात काय आहे. ४१ मध्ये कळणारी बातमी १२ मध्येच चेहऱ्यावर दिसली, तर पुढे ती दुरुस्त करायला कुणाकडे काही उरत नाही.

संवाद आधी सपाट पाठ करा, कुठलाही भाव न घालता. भावासकट घोकले की वाक्यांना चाल लागते, मग दिग्दर्शकाने वेगळं काही सांगितलं तरी ती चाल सुटत नाही. मालिकेत तर मेकअप चालू असतानाच सीन हातात येतो. तेव्हा समोरच्याच्या वाक्यातला कुठला शब्द तुम्हाला बोलायला भाग पाडतो, तो आधी शोधा. स्वतःचं वाक्य त्याच्या आधाराने लवकर बसतं.

नवोदितांचे सर्वांत जास्त क्लोजअप वाया जातात ते कंटिन्युइटीमुळे, म्हणजे एका शॉटमधली हालचाल दुसऱ्या शॉटशी न जुळल्यामुळे. समजा, सीनमध्ये हातात कप आहे. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन एकसलग टिपणाऱ्या शॉटमध्ये, तुम्ही ‘उद्या’ या शब्दावर उजव्या हाताने कप उचललात, घोट घेतलात आणि समोरच्याचं वाक्य संपल्यावर खाली ठेवलात. दोन तासांनी क्लोजअप लागतो. आता कप ‘निघतो’ या शब्दावर उचलला गेला, तर संकलकाला दोन्ही शॉट जोडता येत नाहीत. मग तो समोरच्या नटाचा चेहरा वापरतो आणि तुमचं चांगलं काम संकलनाच्या टेबलावरच राहतं. म्हणून मास्टरमध्ये हातवारे मोजकेच ठेवा, कुठल्या शब्दावर काय केलं ते लगेच टिपून घ्या, आणि खायचं-प्यायचं असेल तर अगदी थोडं घ्या. तोच घोट पंधरा वेळा घ्यावा लागू शकतो. क्लोजअपमध्ये समोरच्याच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवू नका. आवाज एकमेकांत मिसळले की कापायला जागा राहत नाही.

नजर समोरच्या नटाच्या एकाच डोळ्यावर ठेवा, कॅमेऱ्याजवळच्या. दोन्ही डोळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं की क्लोजअपमध्ये बुबुळं अस्वस्थपणे हलताना दिसतात. जमिनीवरच्या खुणेपर्यंत चालत यायचं असेल, तर आधी खुणेवर उभं राहा आणि तिथून उलटं चालत पावलं मोजा, म्हणजे शॉटमध्ये खाली बघावं लागत नाही. लांब लेन्सवर, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सवर, काही सेंटिमीटर पुढे गेलात तरी चेहरा फोकसबाहेर जातो. लेन्स कुठली लागली आहे, हे कॅमेरा सहायकाला विचारायला संकोचू नका.

पात्र रंगवताना पादत्राणं आधी मागून घ्या, चाल तिथूनच येते. लकब एकच ठेवा. हॉलिवूडचा चरित्र अभिनेता वॉल्टर ब्रेनन याचा जन्म १८९४ चा. सहायक भूमिकांसाठी ऑस्कर सुरू झाले ते १९३६ च्या चित्रपटांपासून. त्यातला अभिनेत्याचा पहिला मान त्याचा, आणि पुढे १९३८ व १९४० च्या कामांसाठीही त्याला ते मिळाले. ऐन चाळिशीत तो म्हातारे रंगवायचा. तेव्हा तुमचं वय किती, यापेक्षा पडद्यावर तुम्ही कुठल्या वयाचे वाटू शकता हे ओळखा आणि फोटो त्यानुसार काढा. मात्र फोटोतला माणूस आणि दारात उभा राहिलेला माणूस एकच दिसला पाहिजे.

ऑडिशन घरून पाठवताना फोन आडवा धरा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, उजेड समोरून येऊ द्या आणि फ्रेम छातीपासून वर घ्या. दुसऱ्याची वाक्यं वाचणाऱ्याला लेन्सच्या अगदी शेजारी उभं करा आणि हळू बोलायला सांगा. तो फोनजवळ असल्याने त्याचाच आवाज मोठा येतो, ही चूक फार जण करतात. एकसारखे पाच टेक पाठवण्यापेक्षा खरोखर वेगळे दोन पाठवा.

करारात दिवस, कामाचे तास, पैसे मिळण्याची तारीख आणि श्रेयनामावलीतलं नाव लेखी असू द्या. दाढी किंवा केस राखायला सांगितले असतील, तर ते किती तारखेपर्यंत हेही लिहून घ्या, कारण त्या काळात दुसरी कामं हातची जातात. डबिंगचे दिवस मानधनात धरलेत की वेगळे, हे आधीच विचारा.

आणि डबिंगला बसून बोलू नका. शॉटमध्ये उभे होतात तर माईकसमोरही उभे राहा, कप होता तर हातात कप घ्या. ओठ जुळले तरी श्वास जुळला नाही, तर आवाज चेहऱ्यापासून सुटा ऐकू येतो.