तेरा वर्षांची व्हर्जिनिया आणि साठीची व्हर्जिनिया

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या खऱ्या गोष्टी, किंवा त्यांवर बेतलेली कथा मराठीत लिहायची खुमखुमी असलेले लोक अधूनमधून विचारतात, सुरुवात कुठून करू? ओरेगन ट्रेल ही पश्चिमेला जाणारी गाडीवाट, कॅलिफोर्नियाचं सोनं, लिटल बिगहॉर्नची लढाई ही नावं तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावची ती गाजलेली बंदुकांची चकमक (२६ ऑक्टोबर १८८१) ओ. के. कोराल या घोड्यांच्या आवारात झालीच नाही, जवळच्या मोकळ्या जागेत झाली, हेही कुणीतरी ऐकवलं असेलच. असल्या चुका पाच मिनिटांत दुरुस्त होतात. त्यांचा बाऊ करू नका.

भ्यायचं ते आठवणींना.

डॉनर तांड्याचंच घ्या. १८४६ साली कॅलिफोर्नियाला निघालेली ही कुटुंबं लॅन्सफोर्ड हेस्टिंग्जनं सुचवलेल्या आडवाटेला लागली. ती वाट पुस्तकात छापताना हा गृहस्थ स्वतः तिच्यावरून गेलेलाच नव्हता. चाळीस मैलांचं म्हणून सांगितलेलं खारं वाळवंट ऐंशीच्या आसपास निघालं. पुढे सिएरा नेवाडाच्या डोंगरांत बर्फानं गाठलं. ८७ जणांतले जवळपास निम्मे दगावले, आणि उरलेल्यांतल्या अनेकांनी मेलेल्यांचं मांस खाऊन जीव जगवला.

याच तांड्यातली व्हर्जिनिया रीड तेव्हा तेरा वर्षांची. सुटकेनंतर १६ मे १८४७ रोजी तिनं मामेबहिणीला पत्र लिहिलं. स्पेलिंगचा आनंदीआनंद, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. घरचा कुत्रा कॅश, त्याला मारून खाल्लं, डोकं, पाय, कातडं, सगळं. आठवडा त्याच्यावर काढला. आणि पुढे सल्ला: आडवाट कधी धरू नका, होईल तितकं भरभर चला.

हीच व्हर्जिनिया १८९१ मध्ये, साठीला टेकल्यावर, सेंच्युरी मासिकात आठवणी लिहिते. त्यात त्यांची ती दुमजली गाडी येते. आत स्प्रिंगच्या बैठका, शेगडी, धुराचं नळकांडं छतातून वर काढलेलं. कथाकाराच्या तोंडाला पाणी सुटतं. माझंही सुटलं, आणि अख्खं प्रकरण मी त्या गाडीत बसवलं. गाडी खरंच इतकी ऐटदार होती का, याबद्दल अभ्यासकांना आज शंका आहे.

बाई खोटं बोलत होती असं मी म्हणत नाही. पण मधे चव्वेचाळीस वर्षं गेली होती. तेवढ्यात वर्तमानपत्रांनी लिहिलं, पुस्तकं आली, नातेवाइकांनी शंभरदा विचारलं, तिनं शंभरदा सांगितलं. सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत होते. म्हणून टिपण काढताना प्रत्येक तपशिलापुढे दोन सालं लिहा: घडलं कधी, आणि कागदावर आलं कधी. दोन्हींत अंतर मोठं असेल तर लाल खूण. सवय लागेपर्यंत कंटाळा येईल, येऊ द्या.

आणि पत्र १८४७ चं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. मूळ पत्रात तिचे वडील जेम्स रीड यांच्या हातची भर आहे. डिसेंबर १८४७ मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या वर्तमानपत्रात छापलं गेलं, तेही साफसूफ करून. म्हणजे एकाच पोरीच्या नावावर तीन मजकूर. तुमच्या हातात कोणता आहे, ते आधी बघा.

गंमत अशी की हे आपल्याला नवीन नाही. बखर एकीकडे आणि अस्सल चिटोरं एकीकडे, हे राजवाड्यांनी शिकवून ठेवलंय. शिवकालावर लिहिताना चिटणिसांच्या बखरीतलं वाक्य उचलण्याआधी आपण दहादा विचार करतो. अमेरिकन आजीबाईंच्या आठवणी मात्र छापील इंग्रजीत आहेत, म्हणून वेदवाक्य!

यूट्यूबवरच्या चित्रफिती आणि ‘निवडक सत्यकथा’ छापाची संकलनं यांच्यावर माझा राग आहे. पत्र आणि आठवणी ते एकाच पातेल्यात ढवळतात. एका ज्येष्ठांनी मला सांगितलं होतं, वाचकाला काय कळतंय, रंग भर. अशा गुरूला चहा पाजा आणि घरी या. ‘हे कुठून आणलंस?’ असं खोदून विचारणारा भेटला, तर त्याला सोडू नका.

धीर सोडायचं मात्र कारण नाही. तांड्यातल्याच पॅट्रिक ब्रीनची रोजनिशी (२० नोव्हेंबर १८४६ ते १ मार्च १८४७) बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे, आणि पुण्यात बसून फोनवर पानं बघता येतात. बहुतेक दिवशी वारा, बर्फ, लाकूडफाटा. मग २६ फेब्रुवारीला येतं: मर्फीबाई काल म्हणाल्या, मिल्टपासून सुरुवात करावी म्हणते, अजून केली नसावी, क्लेशकारक आहे. मिल्ट हा रीड कुटुंबाचा गाडीवान, त्याच महिन्यात वारलेला. असं वाक्य बसून सुचत नाही.

सगळी साधनं इंग्रजीत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. अमेरिकेतले मूळनिवासी लकोटा लोक वर्षाला एक चित्र अशी नोंद ठेवत. नोव्हेंबर १८३३ चा उल्कावर्षाव त्यांत सापडतो आणि बाकीची वर्षं त्यावरून जुळवता येतात. लिटल बिगहॉर्नला (१८७६) लढलेल्या लकोटा योद्धा रेड हॉर्सनं १८८१ मध्ये त्या लढाईची चित्रं काढली. दोन सालांचा नियम त्यालाही लावा. पाच वर्षं म्हणजे फार नाहीत.

कथेत कल्पना जरूर लढवा, संवाद रचा, नसलेलं पात्र आणा. फक्त दिवाळी अंकाला पाठवताना कल्पित काय ते शेवटी चार ओळींत लिहा. जागा नाही म्हणून संपादक त्या ओळी बहुधा कापतील. तरी लिहा, आणि कापलेल्या ओळी स्वतःच्या फायलीत ठेवा; पुस्तक करताना लागतात.