दारू सुटल्यानंतरचे घर: सोलापुरात निवड कशी करावी

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेला माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत आणि त्याच भांडणांत परतला, तर पहिले काही महिने त्याला फार जड जातात. अशांसाठी, नियम पाळून आठ-दहा जणांनी एकत्र राहण्याचे निवासगृह हा मधला टप्पा असतो. व्यसनाच्या जोडीला मानसिक आजारही असेल, तर हे घर अधिक पारखून घ्यावे लागते.

दारू अंगातून उतरण्याचा काळ मात्र रुग्णालयातच काढावा. रोज पिणाऱ्याने ती एकदम थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत थरथर, भास व बडबड सुरू होऊन जिवावर बेतू शकते. हे निवासगृहाचे काम नव्हे.

घर पाहायला गेल्यावर सर्वप्रथम औषधांचे कपाट दाखवायला सांगावे. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी अति उत्तेजित तर कधी अति उदास होते. पहिल्या ठिकाणी ‘गोळी म्हणजेही नशाच’ असे म्हणून त्याचे लिथियम, म्हणजे मन स्थिर ठेवणारे औषध, बंद करण्यात आले. काही आठवड्यांत त्याची झोप उडाली, रात्री दोन वाजता तो अंगण झाडताना दिसू लागला आणि लवकरच पुन्हा प्यायला. दुसऱ्या घरात प्रत्येकाच्या नावाचा डबा होता आणि रात्री जेवणानंतर गोळी घेतल्याची सही वहीत होत असे. मी ते घर त्या वहीवरूनच निवडले. लिथियम चालू असणाऱ्याने सोलापूरच्या उन्हाळ्यात विशेष जपावे, कारण घामाने शरीरातले पाणी व मीठ कमी झाले की रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते; म्हणून पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ अचानक तोडू नये आणि रक्ततपासणी चुकवू नये.

मानसिक रुग्णांना देखभालीसाठी ठेवून घेणाऱ्या संस्थेला मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार नोंदणी बंधनकारक आहे. ते प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नये. साखळीने बांधण्यास हा कायदा मनाई करतो. तिथे राहणाऱ्यांशी एकट्याने बोलू देत नसतील, तर तिथून सरळ परत फिरावे.

कामाचेही आधीच ठरवावे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर परतणाऱ्याने सुरुवातीला रात्रपाळी घेऊ नये, कारण झोप मोडली की आजार उलटण्याची भीती असते. पगाराच्या दिवशी घरच्या कोणी तरी गेटवर थांबावे. भावाच्या पहिल्या तीन पगारांना वहिनी थांबल्या होत्या, आणि त्याला त्याचा राग आला नाही.

शेवटी, एखादा घसरला तर काय करता, हे चालकांना स्पष्ट विचारावे. रात्री रस्त्यावर काढणे किंवा मारहाण हे उत्तर असू शकत नाही. डॉक्टरांना दाखवणे, घरच्यांना कळवणे आणि पुन्हा घेण्याच्या अटी लेखी असणे, एवढे तरी हवेच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि नशामुक्ती हेल्पलाइनचा 14446 हे क्रमांक त्या औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवायला सांगावेत.