गोव्यात अकाउंट्स असिस्टंट: काम कुठं, पगार कशावर

बी.कॉम. झालेल्यांना गोव्यात पहिली नोकरी बहुधा तीन ठिकाणी मिळते: पणजी-मडगाव-म्हापशाची सीए ऑफिसं, हॉटेलं, नाहीतर वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतले कारखाने. सीएकडे सुरुवातीचा पगार सहसा कमी. तरी आम्ही पहिलं वर्ष तिथंच काढा म्हणू, कारण एकाच टेबलावर दुकान, बार, ठेकेदार असे सगळे हिशोब येतात. गोव्याची खास गोष्टही तिथंच कळते: इथल्या नागरी कायद्यानुसार ज्या पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांच्या आयकर विवरणपत्रांत निम्मं-निम्मं दाखवावं लागतं.

हॉटेलात रोजची विक्री, कार्ड मशीनची जमा आणि रोकड जुळवायची असते. जेवणावर जीएसटी लागतो, दारू मात्र जीएसटीबाहेर, तिचा हिशोब राज्याच्या व्हॅटमध्ये. नवखा माणूस अख्खं बिल एकाच विक्री खात्यात टाकतो आणि महिनाअखेरीला रिटर्न पुस्तकांशी जुळत नाही. दोन वेगळी खाती पहिल्याच दिवशी उघडा.

महिन्याच्या तारखा पाठच हव्यात: ७ला टीडीएस (कापून घेतलेला आयकर), ११ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १५ला पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी विमा), २०ला ३बी (जीएसटी भरण्याचं रिटर्न). १४ला २बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. खरेदीची बिलं त्याच्याशी एकेक ताडून बघा. बिल दिसत नसेल तर पुरवठादारानं रिटर्न भरलेलं नसतं किंवा जीएसटी नंबर चुकवलेला असतो. त्याला लगेच फोन करा, कारण २बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही. गोव्याचा जीएसटी नंबर ३०नं सुरू होतो, महाराष्ट्राचा २७नं. कोल्हापूरहून आलेल्या मालाच्या बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहाराचा जीएसटी) हवा. साहेब मुंबईच्या हॉटेलात राहिले तर बिलावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा जीएसटी) असतो; त्याचं क्रेडिट गोव्याच्या नंबरावर मिळत नाही. ही चूक फार होते.

पगार वाढतो तो याच कामांवर. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नुसत्या एंट्रीला भाव उरलेला नाही, बँक स्टेटमेंट आता थेट आत घेता येतं. बँक रेको (बँक स्टेटमेंट पुस्तकांशी जुळवणं), २बी जुळवणी आणि पगारपत्रक ही तिन्ही कामं कुणाला न विचारता पुरी करता येऊ लागली, की पगाराचं बोलणं काढा.

आकडा ठरवताना हातात किती येणार ते विचारा. समजा एकूण १८,००० आणि त्यात मूळ पगार १२,०००. पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०, ईएसआय ०.७५ टक्क्यानं १३५, हातात १६,४२५. ‘सीटीसी’ (मालकाला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) सांगितली तर मालकाचा पीएफही त्यातच धरलेला असतो, म्हणजे हातात आणखी कमी. नेमणूकपत्र आणि दर महिन्याची पगाराची स्लिप मागाच. पुढच्या नोकरीत जुना पगार त्यावरच मानला जातो.