म्हातारीचा आवाज घशातून काढू नका

माझ्या डोक्यावर पहिल्यांदा पांढरा विग चढला, तेव्हा मी २६ वर्षांची होते. सांगलीहून मुंबईला येऊन दीड वर्ष झाले होते आणि राज्य नाट्य स्पर्धेतल्या अभिनयाच्या प्रमाणपत्रापलीकडे माझ्या हातात काही नव्हते. एका कौटुंबिक नाटकात आजीचे काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री अचानक आजारी पडल्या, प्रयोगांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत गेल्या होत्या आणि चार दिवसांत पाठांतर करून बदली म्हणून उभी राहील अशी मुलगी निर्मात्याला हवी होती. तालमीत दिग्दर्शकांनी एकच सूचना दिली, ‘आवाज जरा म्हातारा कर.’ मी घसा आवळला, आवाज वर चढवला, त्याला कंप दिला आणि पहिल्याच वाक्याला तालमीतली मंडळी हसली. शिवाजी मंदिरच्या प्रयोगात त्याच वाक्याला टाळी आली. त्या टाळीनंतर आपल्याला भूमिकेची किल्ली सापडली, असे मी धरून चालले. पुढे काही वर्षे त्या आवाजाने मला पोसले आणि त्यानेच माझा घसा नासवला.

चरित्र भूमिका, म्हणजे आई-आजीसारखी कामे, करू पाहणाऱ्या नव्या मुलींसाठी मी हे लिहिते आहे. ऑडिशनपर्यंत कसे पोहोचावे, फोटो कसे असावेत, उतारा कोणता निवडावा, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यामुळे त्यात वेळ न घालवता आधी एका भीतीबद्दल लिहिते. ‘एकदा आई केलीस की नायिका संपली,’ हे वाक्य प्रत्येक मुलीच्या कानावर येते आणि ते सर्वस्वी खोटे आहे, असे मी सांगणार नाही. त्या आजीनंतर चार वर्षे मला माझ्या वयाची एकही भूमिका कोणी विचारली नाही, आणि त्याबद्दल मी बरेच रडले आहे. तरीही चरित्र भूमिका म्हणजे उरलेसुरले काम, हा समज मनातून काढून टाका. रोहिणी हट्टंगडी यांनी ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटात कस्तुरबा तरुणपणापासून वार्धक्यापर्यंत उभ्या केल्या आणि त्याबद्दल त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला; दोनच वर्षांनी ‘सारांश’मध्ये त्या मुलगा गमावलेली वृद्ध आई झाल्या, तेव्हा त्या स्वतः तिशीच्या आसपास होत्या. रीमा लागू यांचा जन्म १९५८ चा. १९८९ मध्ये पडद्यावर त्या ज्या नायकाची आई झाल्या, तो त्यांच्यापेक्षा अवघ्या सात वर्षांनी लहान होता. ललिता पवार तर आधी नायिकाच होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला, काही वर्षे उपचारांत गेली, आणि त्यानंतर ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाची माया व दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’तल्या मंथरेचे विष, ही दोन्ही टोके त्यांनी त्याच चेहऱ्याने पेलली. या तिघींची कामे पुन्हा पाहताना काही वेळ डोळे मिटून नुसते ऐका, एवढीच माझी विनंती आहे. एका बाईचा आवाज दुसऱ्या बाईला उसना दिलेला तुम्हाला कुठेही ऐकू येणार नाही. मी मात्र सहा वर्षांत ज्या पाच म्हाताऱ्या केल्या, त्या पाचही जणी एकाच घशातून बोलत होत्या.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी सविस्तर सांगणार आहे. आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात आणि बाईच्या नेहमीच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर येऊन मिटतात. घसा आवळून, वर चढवलेल्या आवाजात बोलले की ते हलके मिटण्याऐवजी आपटू लागतात. जिथे मार सर्वांत जास्त बसतो, तिथे दोन्ही तंतूंवर समोरासमोर घट्टा धरतो, जसा कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला धरतो. या घट्ट्यांनाच डॉक्टर स्वरतंतूंवरच्या गाठी म्हणतात. दोन-अडीच तासांचा प्रयोग, रविवारी दुपारी एक आणि रात्री एक, मधल्या दिवसांत मालिकेचे चित्रीकरण, आणि दौऱ्यावर बसच्या घरघरीवर आवाज चढवून रात्रभर मारलेल्या गप्पा, एवढा भार मी त्या आवळलेल्या घशावर टाकत होते. गाठी एका रात्रीत होत नाहीत. त्या हळूहळू होतात, म्हणूनच फसगत होते.

माझ्या बाबतीत आधी वरचे स्वर गेले. सकाळी मी भूपाळी गुणगुणत असे. एके दिवशी वरच्या षड्जाच्या जागी नुसती हवा आली. सर्दी असेल, असे वाटले. मग मध्यंतरानंतर आवाज जड होऊ लागला, तेव्हा मी गार वाटणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या चघळू लागले, आणि ही माझी सर्वांत मोठी चूक होती. त्या गोळीने घसा काही वेळ बधिर होतो, टोचणी कळेनाशी होते आणि आपण आणखी जोर लावतो. कोणी ज्येष्ठमध दिला, कोणी मध-हळद, कोणी गरम पाण्याच्या गुळण्या. मी सगळे केले. घशाला त्याने बरे वाटते, पण ज्या सवयीमुळे घसा बिघडला, ती सवय कोणत्याही काढ्याने जात नाही. कंपनीत मला म्हणत, ‘आवाज बसलाय ते बरंच आहे, आजी जास्त खरी वाटते.’ हे कौतुक मी मनावर घेतले, याचे मला आजही वाईट वाटते.

कोकणच्या दौऱ्यात, चिपळूणला, दुसऱ्या अंकात माझे ओठ हलले आणि आवाज आलाच नाही. समोर मुलाचे काम करणाऱ्या नटाने प्रसंगावधान राखून माझी वाक्ये प्रश्नांच्या रूपात स्वतः घेतली, मी मान हलवून उत्तरे दिली आणि प्रयोग पार पडला. दोन दिवसांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पडद्यावर मला माझेच स्वरतंतू दाखवले: मोत्यासारख्या पांढऱ्या पट्ट्या, आणि दोन्हींवर अगदी समोरासमोर ज्वारीच्या कणीएवढा उंचवटा. तोवर त्या नाटकाचे माझे २४० प्रयोग झाले होते. निर्मात्याने आठवड्याभरात दुसरी मुलगी उभी केली. मीही तशीच उभी राहिले होते, त्यामुळे माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच, की रंगभूषेच्या डब्यापासून विगच्या पिनांपर्यंत सगळ्याची काळजी घेणाऱ्या त्या संचात घशाची चौकशी करणे हे कोणाचेच काम नव्हते.

म्हणून स्पष्ट सांगते: आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर ओळखीच्या माणसांचे सल्ले बंद करा आणि डॉक्टरांकडे जाऊन स्वरतंतू प्रत्यक्ष पाहून घ्या. गोळ्या खाऊन प्रयोग रेटू नका, आणि घसा दुखतो म्हणून कुजबुजतही बोलू नका, कारण जोर लावून केलेल्या कुजबुजीनेही स्वरतंतूंवर ताण पडतो. त्याच वेळी घाबरूनही जाऊ नका. अशा गाठी बहुधा शस्त्रक्रियेशिवाय, बोलण्याची पद्धत सुधारून बऱ्या होतात. मला सात दिवसांचे पूर्ण मौन सांगितले होते, नंतर तीन महिने वाचा-उपचार झाले, आणि मी आज रंगमंचावर आहे.

उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला जे सांगितले, ते मला कुठल्याही नाट्यशिबिरात कळले नव्हते. वय वाढते तसा बाईचा आवाज सहसा वर जात नाही, उलट खाली उतरतो. उतारवयात आवाज चढतो तो बहुधा पुरुषांचा. म्हणजे मी ज्या चिरक्या आवाजाला म्हातारपण समजत होते, ते नकलेचे म्हातारपण होते. नाटक-सिनेमांत पाहिलेल्या दुसऱ्या नकलांवरून मी ते उचलले होते.

मौनाचे ते दिवस मी सांगलीला काढले. घरात ७८ वर्षांची आत्या होती आणि मला बोलता येत नसल्यामुळे मी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिले. ती ताटात तांदूळ निवडत बसे. बोलताना तिचे बोट थांबत नसे. खडा दिसला की वाक्य थांबे, खडा ताटाच्या कडेला सरके आणि वाक्य सोडले होते तिथूनच पुढे जाई. लांब वाक्याला तिचा एक श्वास पुरत नसे, म्हणून ती क्रियापदाच्या आधी श्वास घेई आणि ऐकणारा तेवढा वेळ ताटकळत राही. उठण्यापूर्वी ती आधी ठरवी, मग तळहात जमिनीला टेकवी आणि उभी राहिल्यावर क्षणभर तशीच थांबून मग पाऊल उचली. पाठ तिची ताठ होती. तिच्या आवाजात कंप मुळीच नव्हता. वय होते ते श्वासाच्या जागांमध्ये आणि हालचालीच्या आधीच्या विचारात. आता मी संहिता हाती आली की आजीच्या संवादांत आधी श्वासाच्या खुणा करते आणि आवाजाला हात लावत नाही. कॅमेऱ्यासमोर तर हे अधिकच उपयोगी पडते, कारण क्लोजअपमध्ये कापरा आवाज लगेच खोटा पडतो, पण क्रियापदाआधी घेतलेला श्वास दिसतो आणि पटतो.

गुरूंबद्दल माझी मते जरा कडक आहेत. पंधरा दिवसांत अभिनेत्री घडवणारी शिबिरे मला मान्य नाहीत, आणि काम मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या माणसाच्या दारातूनच परत फिरावे, असे मी बजावून सांगते. शिकायचेच असेल तर पुण्याच्या विद्यापीठातले ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ते जमले नाही तर प्रॉम्प्टिंग करा, म्हणजे नट वाक्य विसरला की ते विंगेतून हळूच सांगण्याचे काम. वर्षभर विंगेत वही घेऊन उभे राहिले की कोणत्या शब्दाला नट श्वास घेतो आणि कोणत्या जागी प्रेक्षक खोकतो, हे आपोआप कळू लागते. अभिनेत्री सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि पुढे त्याच शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या प्रयोगांनी एक चळवळ उभी राहिली, त्या रंगभूमीवर मोठ्या झाल्या त्या अशाच, शेजारी काम करणाऱ्यांमध्ये राहून. मोठ्या नटीच्या पाया पडून ती तुम्हाला विद्या देईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. मला ज्यांनी खरे शिकवले, त्यांतल्या एक आमच्या वेशभूषा सांभाळणाऱ्या मावशी होत्या. नऊवारीचा ओचा पोटावर जास्त आवळला की श्वास वर चढतो आणि मग घसा आवळतो, हे डॉक्टरांच्या आधी त्यांनी ओळखले होते.

पैशांबाबत थोडक्यात. नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, प्रयोगाच्या दिवशी पाकिटात मिळते, मालिकेचे पैसे साधारण ९० दिवसांनी येतात आणि त्यातून १० टक्के कर आधीच कापलेला असतो. विवरणपत्र भरले नाही तर परत मिळू शकणारी रक्कमही अडकून राहते. तीन महिन्यांचे घरभाडे बाजूला असल्याशिवाय केवळ मालिकेच्या भरवशावर नाटक सोडू नका. घसा दुखत असतानाही मी प्रयोग करत राहिले, त्याचे खरे कारण कलेवरची निष्ठा हे नव्हते. भाडे थकले होते, हे होते. हाताशी पैसे असते तर मी दोन महिने आधी डॉक्टरांकडे गेले असते.

आता प्रयोगाच्या दिवशी मी पेल्यात थोडे पाणी घेते, त्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत दहा मिनिटे ‘ऊ’ म्हणते आणि मगच रंगभूषेला बसते. रविवारी दोन प्रयोग असले की मधल्या वेळात मी बोलत नाही. आधीच्या निर्मात्यांना हे विचित्र वाटे, म्हणून आता करार करताना मी ही अट सांगून ठेवते. दीनानाथ नाट्यगृहाच्या रंगपटात माझ्या आरशाला ‘मौन’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. चहा हवा असेल तर मी एक बोट वर करते, आणि पडद्यामागची मुले आता न विचारता कोमट पाण्याचा थर्मास त्या चिठ्ठीखाली आणून ठेवतात.