‘करण्यात येईल’ म्हणजे कोण करणार?

चोवीस वर्षं मी कायद्यांची भाषांतरं केली. ती सवय हाडात मुरली आहे. सरकारला नवे अधिकार देणारा मसुदा हाती आला की मी पेन्सिल घेते आणि थेट शेवटचं पान उघडते. सुरुवातीला ‘उद्देश’ असतो, तो नंतर. तिथे सगळं गोडच लिहिलेलं असतं.

शेवटच्या पानावर मुदत शोधा. २८ फेब्रुवारी १९३३ला जर्मनीत राइशस्टागच्या, म्हणजे संसद भवनाच्या आगीनंतर जो वटहुकूम निघाला, त्यात नागरिकांचे हक्क ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगित केले होते. तो आदेश हिटलरच्या राजवटीत कधी आलाच नाही. पण नुसती तारीख दिसली म्हणून हुश्श करू नका. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारला संसदेविना कायदे करू देणारा अधिकारप्रदान कायदा आला, त्याला चार वर्षांची मुदत होती, आणि ती वाढतच गेली. म्हणून तारखेखाली लिहा : मुदत कोण वाढवणार, आणि त्यासाठी मतदान घ्यावं लागेल का?

तिथेच जवळपास ‘सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल दावा चालणार नाही’ असं एखादं कलम सापडेल. त्याभोवती गोल करून ठेवा, नंतर लागेल.

आता मधली पानं. इथे माझा एकच उद्योग : ‘करण्यात येईल’ खोडायचं. कायद्याच्या मराठीला या क्रियापदाचं भारी प्रेम. त्यात कर्ता अलगद नाहीसा होतो. समजा, मसुद्यात आहे, ‘संशयास्पद व्यक्तीच्या घराची झडती घेण्यात येईल.’ हे कर्तरी करून लिहून पाहा. ‘अमुक हुद्द्याचा अधिकारी, अमुक न्यायाधीशाचा लेखी हुकूम घेऊन, त्यात नमूद केलेल्या घराची झडती घेईल आणि नेलेल्या वस्तूंची यादी देईल.’ मसुद्यातून यातल्या जितक्या जागा भरता येत नाहीत, तितकी भोकं. इंग्लंडमध्ये १७६२ साली मंत्र्याच्या हुकमावरून राजाचे दूत जॉन एंटिक नावाच्या लेखकाच्या घरात घुसले आणि कागदपत्रं घेऊन गेले. १७६५ साली न्यायालयाने विचारलं ते इतकंच : हा अधिकार कुठल्या कायद्यात लिहिलाय? कुठेच नव्हता. दूतांना भरपाई द्यावी लागली.

मग अधिकाऱ्याच्या मनाकडे वळा. ‘त्याची खात्री पटल्यास’ आणि ‘मानण्यास वाजवी कारण असल्यास’ हे मी सुरुवातीला एकच समजत असे. एकदा मी दुसऱ्याच्या जागी पहिलं लिहिलं, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी अख्खं पान परत पाठवलं. त्यांचं बरोबर होतं. खात्री मनात असते, ती तपासणार कशी? वाजवी कारण न्यायालयात मांडावं लागतं. तरी इथेही गाफील राहू नका. १९४१ साली युद्धकाळातल्या स्थानबद्धतेच्या लिव्हरसिज खटल्यात ‘वाजवी कारण’ हे शब्द असूनही ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं, की गृहमंत्र्याला तसं प्रामाणिकपणे वाटलं तरी पुरे. एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन विरोधात राहिले. आज तिथली न्यायालयं त्यांचाच अर्थ मानतात. म्हणून मी कलमातच लिहून मागते : ‘कारणे लेखी नोंदवून, अटक झालेल्यास त्याची प्रत देऊन’.

गुन्ह्याचे शब्द स्वतःवर घालून बघा. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ऑनलाइन संदेशांबद्दलचं कलम ६६-अ होतं, त्यात ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे शब्द होते. माझी धाकटी जाऊ मला रोज सकाळी सुविचार पाठवते. त्रास मला होतोच! गुन्हा कुठे सुरू होतो हे त्या शब्दांवरून कुणालाच सांगता आलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते कलम रद्द केलं.

एवढं झालं की गोल केलेल्या कलमाकडे परत या. अधिकाऱ्याने चूक केली तर दाद कुणाकडे मागायची, किती दिवसांत? उत्तर त्याच खात्याचा वरचा अधिकारी असेल, तर ‘दाद नाही’ असंच धरा.

हरकत पाठवताना ‘हा काळा कायदा आहे’ असं लिहू नका. तसली पत्रं गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच बाजूला जातात. कलम क्रमांक, खटकणारे शब्द, आणि त्याच्याखाली तुमचे पर्यायी शब्द. एका परिच्छेदात एकच कलम. पोच मागा, आणि पेन्सिलीच्या खुणांची प्रत जपून ठेवा. अंतिम कायदा छापून आला की ती शेजारी ठेवून पुन्हा शेवटच्या पानापासून सुरुवात करायची आहे.