थीम पार्कला जाताना बॅग भरण्यातील या चुका टाळा

कापूस आणि तूर घरातून बाजारात गेल्यानंतर आणि खरिपाच्या तयारीची धांदल सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण एप्रिल-मेमध्ये, विदर्भातील खेड्यांतून थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या सहली निघतात. शाळाही आपल्याकडे उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, त्यामुळे मुलांना सवड असते. कोणी नागपूर-अमरावतीच्या आसपासचे वॉटर पार्क गाठतात, पांढरकवडा-वणीकडची मंडळी राष्ट्रीय महामार्ग 44 ने हैदराबादला जाऊन रामोजी फिल्म सिटी किंवा वंडरला पाहून येतात, आणि डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून साईबाबांचे दर्शन व तिथले वॉटर पार्क एकाच फेरीत जोडता येते. ठिकाण कोणतेही असले तरी दुपारच्या वेळी तिथे एक दृश्य हमखास दिसते: शेडखाली पिशव्यांच्या गराड्यात एखादी आजी, आई किंवा काकू बसलेली असते आणि बाकीचे सगळे घर पाण्यात असते. तिकीट तिचेही काढलेले असते. म्हणून बॅग किती मोठी, किती मजबूत किंवा किती स्वस्त हे प्रश्न नंतरचे आहेत. तिच्यापाशी कोणाला बसून राहावे लागते का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

चूक: माणशी एक पिशवी घेणे

सहा माणसे आणि सात पिशव्या हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब आहे. लग्नाला किंवा यात्रेला जाताना तो चालतो, कारण तिथे पोहोचल्यावर सामान एका खोलीत टाकता येते. थीम पार्कमध्ये सामान ठेवण्याची जागा म्हणजे लॉकर, आणि बहुतेक ठिकाणचा लॉकर एवढाच असतो की त्यात एक पाठीवरची मध्यम बॅग आणि दोन-तीन जणांचे कपडे बसतात. ट्रॉली बॅग, सतरंजीत बांधलेले बोचके किंवा मोठी हातपिशवी त्यात जात नाही, मग दोन-तीन लॉकरचे भाडे भरावे लागते किंवा कोणीतरी राखणीला बसते.

चार-पाच जणांच्या कुटुंबाला 20 ते 25 लिटर मापाची पाठीवरची एक बॅग आणि कमरेला किंवा गळ्यात अडकवायची एक लहान पाऊच पुरते. त्यासाठी नवी खरेदी करण्याची गरज नाही, कारण आठवी-नववीतल्या मुलाचे शाळेचे दप्तर बहुधा याच मापाचे असते आणि मे महिन्यात ते रिकामेच असते. आदल्या रात्री ते रिकामे करून धुवून वाळवावे, पट्ट्यांची शिवण ओढून पाहावी आणि उसवली असेल तर गावातल्या शिंप्याकडून दुहेरी टीप मारून घ्यावी. चेन अडकत असेल तर तिच्या दातांवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासावा, चेन सरळ चालू लागते. रेक्झिनची जुनी बॅग मात्र घेऊ नये. उन्हात आणि पाण्यात तिचे पापुद्रे सुटतात आणि ते कपड्यांना चिकटतात.

आपल्याकडे खताच्या रिकाम्या पोत्यांपासून शिवलेल्या पिशव्या घरोघरी असतात. ओले कपडे परत आणण्यासाठी तशी एक पिशवी घडी करून दप्तराच्या तळाशी ठेवावी, कारण ती हलकी असते, फाटत नाही आणि झटकली की लगेच वाळते. खाण्याचे पदार्थ मात्र त्या पिशवीत कधीही ठेवू नयेत, आणि कीटकनाशकाच्या वेष्टनांपासून केलेली कोणतीही वस्तू सहलीलाच काय, घरातही वापरू नये.

चूक: संपूर्ण स्वयंपाक बॅगेत भरणे

बहुतेक थीम पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत आणि तपासणी दारातच होते. लहान बाळाचे खाणे व औषधे यांना सहसा सूट मिळते, तरी निघण्याआधी पार्कच्या फोनवर विचारून घेतलेले बरे. नियम माहीत नसल्यामुळे दारात जो गोंधळ होतो तो पाहण्यासारखा असतो: पुऱ्यांचा डबा गाडीत परत ठेवायला काका जातात, गाडी तोपर्यंत लांबच्या पार्किंगमध्ये गेलेली असते, आणि मुले दाराच्या आत-बाहेर करत राहतात. तपासणीत खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पुड्या, काडेपेटी आणि आंबा कापायला घेतलेला चाकू यांचीही जप्ती होते. त्या वस्तू आधीच घरी राहिल्या तर रांग पुढे सरकते आणि घरातल्या पुरुषांचा दिवसही बरा जातो.

शिदोरी न्यावीच, पण ती प्रवासातल्या दोन जेवणांची असावी: एक सकाळी दारात शिरण्यापूर्वी आणि दुसरे संध्याकाळी परतीच्या वाटेवर. दुसऱ्या जेवणाचा प्रश्न अवघड आहे, कारण ते दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत राहते. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि बंद गाडीच्या आत तो त्याहून कितीतरी वर चढतो. अशा उष्णतेत दहीभात, साधा भात, उकडलेल्या बटाट्याची भाजी आणि ओल्या नारळाची चटणी हे पदार्थ काही तासांत खराब होतात, आणि भाताच्या बाबतीत अडचण अशी की तो वासाला व चवीला ठीक वाटत असतानाही पोट बिघडवू शकतो. तिखट-मिठाच्या पुऱ्या, गुळाच्या दशम्या, तेल जरा जास्त घातलेला कोरडा ठेचा, भाजलेले शेंगदाणे आणि चिवडा हे पदार्थ संध्याकाळपर्यंत टिकतात. धपाटे दही न घालता पाण्यात भिजवून केले आणि पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरले तर तेही टिकतात. गरम असताना झाकण लावले की वाफेने ओलसर होऊन आंबतात.

पाण्याविषयी एक साधा हिशेब लक्षात ठेवावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणजे पाच बाटल्या भरल्या की पाठीवर पाच किलो आले. आत पिण्याच्या पाण्याची सोय बहुधा असते, त्यामुळे दोनच बाटल्या घ्याव्यात आणि त्या आत पुन्हा पुन्हा भराव्यात. भरलेली बाटली दारात अडवली तर ती रिकामी करून आत नेऊ द्यावी, अशी विनंती करून पाहावी.

चूक: सुती कपडे आणि सोने

सुती कपडा उन्हासाठी उत्तम आणि पाण्यातल्या खेळांसाठी निरुपयोगी असतो. तो पाणी शोषून जड होतो, अंगाला चिकटतो आणि घसरगुंडीवर माणूस मध्येच अडकतो. म्हणून बहुतेक वॉटर पार्कमध्ये नायलॉन किंवा पॉलिस्टरचे कपडे सक्तीचे असतात, तर साडी, ओढणी, जीन्स आणि धातूची बटणे किंवा चेन असलेले कपडे घसरगुंडीवर चालत नाहीत. दारात हे कळले की भाड्याचे पोशाख घ्यावे लागतात आणि सहा जणांचे भाडे एका जेवणाइतके होते. घरातल्या मुलाची कबड्डीची जर्सी आणि खेळाची हाफ पँट याच कापडाची असते, ती चालते. महिलांसाठी पूर्ण लांबीची लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा टी-शर्ट हा सोयीचा पर्याय आहे, त्यात संकोच वाटत नाही आणि ऊनही कमी लागते. परतीसाठी मात्र प्रत्येकाचा एक सुती जोड, अंतर्वस्त्रांसह, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावा. टॉवेल माणशी एक न घेता पातळ पंचे घ्यावेत, ते अर्ध्या जागेत मावतात आणि लवकर वाळतात. डोक्याला बांधायचा दुपट्टा तर घ्यावाच, रांगेत उभे राहताना त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

सोन्याविषयी घरात वाद होतो, पण तो निघण्याआधीच मिटवावा. ओल्या बोटातून अंगठी सहज निसटते, पैंजण घसरगुंडीवर अडकते, आणि काढून बॅगेत ठेवलेले मंगळसूत्र हे त्या दिवसाचे सर्वात मोठे ओझे होते, कारण मग बॅगेपासून कोणी दूर जायलाच तयार होत नाही. दोऱ्यात ओवलेली काळ्या मण्यांची आखूड पोत घालून जावे आणि सोने घरी कुलपात राहू द्यावे.

पायांत मागे पट्टा असलेली रबरी चप्पल असावी. मे महिन्यातली फरशी अनवाणी पायांना भाजते, आणि साधी चप्पल पाळण्यातून खाली पडते.

चूक: औषधांची पिशवी लॉकरमध्ये ठेवणे, किंवा न घेणे

या बाबतीत दुरुस्तीला वाव कमी असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दम्याचा पंप, मधुमेही माणसाची साखर किंवा गुळाचा खडा आणि रक्तदाबाची दुपारची गोळी या वस्तू लॉकरमध्ये नव्हे, तर त्या माणसाच्या किंवा सोबतच्या मोठ्या माणसाच्या कमरेच्या पाऊचमध्ये हव्यात. इन्शुलिन उन्हातल्या गाडीत ठेवल्यास निकामी होते. ते रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये थंड ठेवावे, मात्र बर्फाला थेट टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्शुलिनही वापरता येत नाही.

ओआरएसच्या पुड्या बहुतेक लोक घेतात, पण त्या चुकीच्या पद्धतीने वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची 20.5 ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते आणि लहान पुडी 200 मिलिलिटरसाठी. मोठी पुडी एका ग्लासात घोळून मुलाला पाजली तर मिठाचे प्रमाण धोकादायक होते, आणि अर्धी पुडी ओतून उरलेली अंदाजाने वापरली तरी प्रमाण चुकतेच. पुडीवर लिहिलेले पाण्याचे माप वाचूनच ती पूर्ण घोळावी आणि केलेले पाणी 24 तासांनंतर टाकून द्यावे. दुकानातील डबाबंद गोड पेयांना ओआरएस समजण्याची चूकही टाळावी. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली, ती याच गोंधळामुळे. उन्हापासून बचाव म्हणून खिशात कांदा ठेवण्याची आपली जुनी रीत निरुपद्रवी आहे, फक्त तो बॅगेत कपड्यांबरोबर ठेवू नये आणि त्याच्या भरवशावर पाणी पिणे टाळू नये. घरी केलेले कैरीचे पन्हे थर्मासमध्ये भरून प्रवासात प्यावे, ते अधिक उपयोगाचे आहे.

ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते.

चूक: पैसे, ओळखपत्र आणि फोन यांचा विचार न करणे

फोन लॉकरमध्ये आणि पैसे फोनमध्ये, अशी अवस्था दुपारी दोनच्या सुमारास भूक लागल्यावर लक्षात येते. थोडी रोकड, शंभर-दोनशेच्या नोटांत, पाणी न शिरणाऱ्या लहान पाऊचमध्ये अंगावर ठेवावी. मुलांचे तिकीट अनेक पार्कमध्ये वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते, तेव्हा जन्मतारखेवरून दारात वाद घालून उपयोग नसतो. उंची घरीच मोजून जावी, म्हणजे मोठ्या पाळण्यात बसता येणार नाही हेही मुलाला आधीच सांगता येते. एसटीने जाणार असाल तर 75 वर्षांवरील आजी-आजोबांचे वय दाखवणारे ओळखपत्र घ्यावे, कारण मोफत प्रवासासाठी वाहक ते पाहायला मागतो.

फोन भिजलाच तर तो तांदळाच्या डब्यात खुपसू नये. तांदळाचे बारीक कण आत जाऊ शकतात, आणि ॲपलसारखी कंपनीही आपल्या सूचनांत असे करू नका म्हणते. फोन बंद करावा, चार्जिंगचे तोंड खाली धरून हलकेच झटकावा, वाऱ्याच्या जागी ठेवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये. पॉवर बँक गाडीच्या डिक्कीत उन्हात सोडू नये.

मूल गर्दीत हरवण्याची शक्यता गृहीत धरूनच बॅग भरावी. दारात मुलाचा फोटो काढणे चांगले, पण पोशाख बदलल्यावर पुन्हा एक काढावा, कारण भाड्याचे पोशाख बहुधा एकाच रंगाचे असतात आणि सकाळच्या फोटोतला पिवळा शर्ट तेव्हा लॉकरमध्ये पडलेला असतो. मुलाच्या हातावर बॉलपेनने लिहिलेला नंबर पहिल्याच डुबकीत जातो. त्याऐवजी नंबर लिहिलेला जाड कागद दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत बंद करून नाडीने गळ्यात किंवा कमरेला बांधावा, आणि पाळण्यात बसताना तो आत खोचावा. फोन लॉकरमध्ये असताना हा नंबर कोणी उचलणार नाही, म्हणून एक मोठा माणूस बाहेर फोनसह राहील अशी आळीपाळी ठरवून घ्यावी. ही पाळी तासाभराची असावी आणि ती पुरुषांच्याही वाट्याला यावी.

लॉकरची किल्ली हरवली तर कुलूप तोडण्याआधी कर्मचारी आतल्या वस्तू विचारतात आणि अनामत रक्कम कापतात. लॉकर लावताना त्याच्या क्रमांकाचा आणि आत ठेवलेल्या बॅगेचा फोटो काढून तो बाहेर असलेल्या माणसाच्या फोनवर ठेवावा. पावतीही त्याच्याचकडे द्यावी, किल्लीच्या पट्ट्यासोबत पाण्यात नेऊ नये.