छोटा रोल मिळालाय? मग गेर्ट फ्रोबे असा बघा

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की आमच्या नाशकात कोणीतरी पोरगं तोंड पाडून बसतंच, दोनच सीन दिले म्हणून. त्यांच्यासाठी लिहितोय. गेर्ट फ्रोबे हा जर्मन नट बघा, पण क्रमाने बघा.

त्याचा गाजलेला खलनायक आहे जेम्स बॉण्डच्या गोल्डफिंगर सिनेमातला, पण तिथून सुरू करू नका. आधी १९४८ चा बर्लिनर बलाडे हा जर्मन सिनेमा लावा, त्यात तो चक्क काटकुळा आहे, युद्धावरून परतलेला साधा सैनिक, पुढचा तो आडदांड माणूस हाच यावर विश्वासच बसत नाही.

मग १९५८ चा एस गेशाह आम हेललिख्टेन टाग. इथे घाई नको. यात तो लहान मुलींचा खुनी आहे, पडद्यावर फार वेळ नाहीये, पण घरी बायकोपुढे दबून राहणारा आणि जंगलात पोरीला हातातली बाहुली नाचवून दाखवणारा माणूस एकच आहे हे बघताना माझ्या अंगावर काटा आला. याच कामामुळे पुढे बॉण्डवाल्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. एक सीन घ्या आणि तीनदा बघा. पहिल्यांदा सबटायटल लावून सरळ. दुसऱ्यांदा आवाज आणि सबटायटल दोन्ही बंद, फक्त खांदे आणि हात बघायचे (आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांच्या १९१३ च्या राजा हरिश्चंद्रात तरी कुठे आवाज होता, आणि हा फ्रोबे जन्मलाही त्याच वर्षी). तिसऱ्यांदा समोरचा बोलत असताना हा काय करतो तेवढंच. वहीत लिहा, पण 'भारी केलंय' असलं नको, 'मान खाली, बोटं थांबली' असं लिहा.

आता १९६४ चा गोल्डफिंगर. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं, म्हणून ऐकू येतो तो आवाज मायकेल कॉलिन्स या दुसऱ्याच नटाचा. डबिंग जुळावं म्हणून दिग्दर्शक गाय हॅमिल्टनने त्याला भराभर बोलायला लावलं होतं. म्हणजे इंग्रजीत धाक बसतो त्यातला अंगाचा वाटा सगळा फ्रोबेचा. जर्मन डबिंगमध्ये मात्र त्याचाच आवाज आहे, मिळालं तर तोच सीन दोन्हीकडे बघा.

शेवटी १९६८ चा चिटी चिटी बँग बँग, तेच भलंमोठं अंग, पण इथे हट्टी पोरासारखा बॅरन. चालण्यात काय बदललं ते शोधा.

मग आपला दोन सीनचा रोल मोबाईलवर शूट करा, आवाज बंद करून घरच्यांना दाखवा आणि विचारा, हा माणूस कोण असेल?